गैरहजेरीतील संमती

मेटा कंपनीच्या विकसक मंचाचे धोरण ठरवणाऱ्या व्यवस्थापनास,



फेसबुक आणि इन्स्टाग्राम या माध्यमांवर माणूस स्वतः येऊन जे वाचतो किंवा लिहितो, त्याखेरीज त्याच्या वतीने आणि त्याच्या गैरहजेरीत, दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅमही तेथे बरेच काही वाचत आणि लिहीत असतात. दिवाळी अंकाच्या पेजवर ठरल्या वेळी येणारी घोषणा, ग्रंथालयाच्या पेजवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची रोज सकाळी तयार होणारी यादी, एखाद्या साडीविक्रेत्याच्या इन्स्टाग्राम खात्यावर रात्री आपोआप चढणारे छायाचित्र, ही सारी कामे खातेदार झोपेत किंवा प्रवासात असताना पार पडतात. मंचाने अशा बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी उघडलेल्या दाराला एपीआय म्हणतात. त्या दाराने आत येणाऱ्या ॲपला खातेदाराची परवानगी आहे याची खूण म्हणून मंच अक्षरांची जी लांबलचक माळ देतो, तिला टोकन म्हणतात. आणि ही खूण किती दिवस ग्राह्य धरायची, हा या पत्राचा विषय आहे. वरवर पाहता तो प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे उत्तर देण्याचा हक्क कोणाचा, हे आधी ठरावे लागते, आणि २०१२ पासून आपल्या कंपनीने ते उत्तर खातेदाराला न विचारता देऊन टाकले आहे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

परवानगी देण्याची पूर्वीची रीत ओबडधोबड होती. बाहेरच्या सेवेला खात्यातले काही हवे असेल, तर खातेदाराने आपला पासवर्डच तिच्या हवाली करायचा आणि तिने तो साठवून ठेवून लागेल तेव्हा वापरायचा, असा तो व्यवहार होता. बाहेरच्या प्रोग्रॅमांना खातेदाराचे नाव आणि पासवर्ड पाठवून आत येऊ देण्याची सोय ट्विटरने ३१ ऑगस्ट २०१० रोजी बंद केली, तोवर तेथेही हे चालत असे. या रीतीत चोरीची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी अडचण परवानगी मागे घेण्याची होती. एका सेवेला बाहेर काढायचे तर पासवर्ड बदलावा लागे, आणि तो बदलला की उरलेल्या साऱ्या सेवाही एकदम बाहेर पडत. ओऑथ या नावाने ओळखली जाणारी पद्धत २००७ मध्ये आकाराला आली ती या अडचणीतून. २००९ मध्ये तिच्यातील एक सुरक्षादोष दुरुस्त झाला, आणि इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आरएफसी ६७४९ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा, की खातेदार पासवर्ड केवळ मंचाला सांगतो, ॲपला कोणकोणते काम करू द्यायचे ते मंचाच्याच पडद्यावर मान्य करतो, आणि मंच त्या ॲपला त्या कामांपुरते टोकन देतो.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारासाठी ज्याला तालुक्याच्या गावी वारंवार जाणे जमत नाही, तो मुखत्यारपत्र करून देतो. त्यात ठरावीक कामाचाच अधिकार दिला तर ते खास मुखत्यारपत्र आणि सगळ्याच कामांचा दिला तर कुलमुखत्यारपत्र. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या दहाव्या प्रकरणात अशा प्रतिनिधित्वाचे नियम आहेत, आणि हा अधिकार केव्हा संपतो ते कलम २०१ मध्ये सांगितले आहे: देणाऱ्याने तो परत घेतला, घेणाऱ्याने तो सोडून दिला, नेमून दिलेले काम पुरे झाले, दोघांपैकी कोणी मरण पावला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, अथवा देणारा दिवाळखोर ठरला, म्हणजे तो संपतो. नुसता काळ उलटणे हे कारण या यादीत नाही. मुदत हवी असेल तर ती दस्तात लिहावी लागते, आणि ती लिहिण्याचा अधिकार मुखत्यारी देणाऱ्याचा असतो. ज्या कार्यालयात दस्ताची नोंद होते, त्या कार्यालयाचा नसतो.

मात्र ही उपमा फार ताणून चालणार नाही, कारण मुखत्यारपत्रावर मुखत्याराचे नाव असते आणि टोकनच्या वापरात त्या नावाची विचारपूस होत नाही. समाजमाध्यमांच्या एपीआयवर सर्रास वापरले जाणारे टोकन हे आरएफसी ६७५० मध्ये वर्णिलेले धारक-टोकन आहे, म्हणजे ते ज्याच्या हाती असेल तोच हक्कदार मानला जातो. बँकांचे व्यवहार खतावणीच्या वह्यांवर चालत त्या काळात खिडकीवर धनादेश दिला की आकडा कोरलेले पितळी टोकन मिळे, आणि रोखपालाने तो आकडा पुकारल्यावर जो ते टोकन पुढे करी त्याच्या हाती पैसे पडत. ते हरवले तर खातेदाराच्या जिवाची घालमेल का होई, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही. सर्व्हरवरील टोकन त्याच जातीचे आहे. देताना ते मुखत्यारपत्रासारखे दिले जाते आणि वापरताना पितळी टोकनासारखे वापरले जाते, आणि त्याची मुदत आखूड ठेवण्यामागचे सारे समर्थन या दुसऱ्या गुणधर्मातून येते. चोरीला गेलेले टोकन जितक्या लवकर आपोआप निकामी होईल तितके बरे, हा युक्तिवाद चुकीचा नाही.

तरीही गैरहजेरीत चालणाऱ्या कामाला लांब मुदतीची परवानगी लागतेच, आणि या पेचातून ओऑथच्या दुसऱ्या आवृत्तीने दोन टोकनांची वाट काढली. रोजच्या वापराचे ॲक्सेस टोकन अल्पायुषी ठेवायचे. ते संपल्यावर नवे मागण्यासाठी एक वेगळे, दीर्घायुषी रिफ्रेश टोकन द्यायचे. आणि हे दुसरे टोकन एपीआयच्या दारावर कधीच न दाखवता, केवळ टोकन देणाऱ्या सर्व्हरपुढे, ॲपने स्वतःचीही ओळख पटवून सादर करायचे. गूगलच्या सेवांत, म्हणून यूट्यूबमध्येही, ॲक्सेस टोकन साधारण तासभर टिकते, आणि खातेदाराच्या गैरहजेरीतील प्रवेश असा पर्याय ॲपने स्पष्टपणे मागितला तरच रिफ्रेश टोकन मिळते. ते सलग सहा महिने वापरले गेले नाही तर बाद होते. एक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या, नव्या पद्धतीत ॲक्सेस टोकन दोन तासांचे असते आणि गैरहजेरीतील प्रवेश ही एक स्वतंत्र, नावानिशी मागायची परवानगी आहे. ती मागितली नाही तर रिफ्रेश टोकन मिळतच नाही. (त्याच मंचावरील जुन्या पद्धतीच्या टोकनांना मात्र मुदत नाही, हेही नोंदवले पाहिजे, आदर्श म्हणून कोणाकडेच बोट दाखवता येत नाही.) या दोन मंचांवर गैरहजेरीतील प्रवेश निदान वेगळा मागावा तरी लागतो. खातेदाराच्या पडद्यावर तो किती ठळक दिसतो, हा भाग निराळा.

फेसबुकवरही एके काळी तो वेगळा मागावा लागत असे. एप्रिल २०१० मध्ये ग्राफ एपीआय हे फेसबुकचे एपीआय जाहीर झाले आणि त्याबरोबर, तेव्हा अजून मसुद्याच्या अवस्थेत असलेली, ओऑथची दुसरी आवृत्तीही फेसबुकने स्वीकारली. त्या काळात ‘ऑफलाइन ॲक्सेस’ नावाची एक परवानगी होती. ॲपने ती मागितली की परवानगीच्या पडद्यावर, खातेदार ॲप वापरत नसतानाही ॲपला त्याची माहिती मिळवता येईल अशा आशयाची ओळ येई, आणि खातेदाराने ती मान्य केली की मिळणारे टोकन काळाच्या ओघात संपत नसे. २०१२ मध्ये ही परवानगी काढून टाकण्यात आली. तिच्या जागी आलेली व्यवस्था अशी, की लॉगिननंतर ब्राउझरमध्ये मिळणारे टोकन तास-दोन तासांचे असते, आणि ॲपचा सर्व्हर ते टोकन, आपला ॲप क्रमांक आणि ॲप सीक्रेट, म्हणजे फक्त ॲप आणि मंच यांनाच ठाऊक असलेला गुप्त संकेत, असे तिन्ही एकत्र पाठवून त्याच्या बदल्यात सुमारे साठ दिवसांचे टोकन पदरात पाडून घेतो.

जुनी परवानगी काढणे योग्यच होते, कारण कधीच न संपणारे धारक-टोकन ही एकूणच धोक्याची चीज आहे आणि ते अनेक ॲपनी गरज नसताना मागून ठेवले असणार, हे समजण्यासारखे आहे. पण जे काढले गेले त्यात दोन गोष्टी होत्या: एक अमर टोकन, आणि दुसरी ‘तुझ्या गैरहजेरीत हे चालेल का’ हा खातेदाराला विचारलेला प्रश्न. पहिली गेली हे बरे झाले. दुसरीही तिच्याबरोबर गेली, आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. आज दोन तासांच्या टोकनाचे दोन महिन्यांचे टोकन करण्याचा व्यवहार दोन सर्व्हरांमध्ये, खातेदाराच्या पाठीमागे, क्षणार्धात उरकतो. त्याला ना पडदा आहे, ना बटण, ना सूचना. ज्या परवानगीला खातेदार नाही म्हणू शकत होता, ती आता ॲपच्या गुप्त संकेताच्या बळावर मिळणारी सोय झाली आहे. मुदत आखूड झाली खरी, पण ती कोणी ठरवायची हा अधिकार खातेदाराकडून मंच आणि ॲप यांच्याकडे सरकला.

साठ दिवसांचा हा आकडा सरसकट असता, तरी एक वेळ तो समजून घेता आला असता. प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या छताखाली निरनिराळी पंचांगे चालतात. फेसबुक खातेदाराचे टोकन साठ दिवसांनी संपते आणि सर्व्हर ते परस्पर वाढवू शकत नाही, खातेदाराने पुन्हा लॉगिन करावे लागते. त्याच दीर्घ मुदतीच्या टोकनातून पेजचे टोकन काढले, तर त्याला कालमर्यादा नसते. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्याचे, इन्स्टाग्राम लॉगिनमधून मिळालेले टोकनही साठ दिवसांचेच, परंतु ते किमान चोवीस तास जुने असेल आणि संपलेले नसेल, तर सर्व्हर एक विनंती पाठवून ते पुढच्या साठ दिवसांसाठी नवे करून घेऊ शकतो, आणि हे कितीही वेळा करू शकतो. व्यवसायाच्या नावाने ‘सिस्टिम युजर’ नावाचा, म्हणजे कोणत्याही माणसाचा नसलेला, केवळ सर्व्हरसाठी निर्माण केलेला वापरकर्ता तयार करता येतो, आणि त्याला न संपणारे टोकन घेता येते. फेसबुक खातेदाराच्या स्वतःच्या माहितीवर आणखी एक घड्याळ आहे: खातेदार ॲपमध्ये शेवटचा येऊन नव्वद दिवस झाले, की टोकन जिवंत असले तरी त्याची माहिती ॲपला मिळेनाशी होते.

एखाद्या लहान मासिकाच्या संपादकाने एकाच दुपारी एकाच सेवेला आपले वैयक्तिक फेसबुक खाते, मासिकाचे पेज आणि मासिकाचे इन्स्टाग्राम खाते जोडून दिले, अशी कल्पना करावी. पहिली परवानगी दोन महिन्यांत मावळते. दुसरी, त्याने आपला पासवर्ड बदलेपर्यंत, ॲपला काढून टाकेपर्यंत किंवा पेजवरील जबाबदारी सोडेपर्यंत टिकते. तिसरी, त्या सेवेचा सर्व्हर दर दोन महिन्यांच्या आत न चुकता एक विनंती पाठवत राहील तोवर वर्षानुवर्षे चालू शकते, मग मासिक बंद पडलेले का असेना. या तिन्ही मुदती सारख्या दिसणाऱ्या संमतीतून निघालेल्या आहेत, आणि त्यांतील एकीविषयीही संपादकाला विचारण्यात आलेले नाही. विकसकाला निदान टोकन तपासण्याची सोय आहे, जिच्यात ते केव्हा संपणार आणि त्यात कोणत्या परवानग्या आहेत ते दिसते; ज्याच्या नावाने हे सारे चालते, त्याला संमती देताना मुदतीचा तपशील मिळत नाही.

पुन्हा लॉगिन करायला लावणे म्हणजेच संमती ताजी करून घेणे, असे यावर कदाचित सांगितले जाईल. त्या लॉगिनमध्ये खरोखर काय घडते, ते पाहावे. खातेदार आधीच फेसबुकमध्ये असतो, पूर्वी दिलेल्या परवानग्या तशाच असतात, पडद्यावर त्याचे नाव असलेले एक बटण येते, आणि ते दाबले की नवे टोकन तयार होते. सेवानिवृत्तांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. दाखल्याने इतकेच सिद्ध होते की माणूस हयात आहे; निवृत्तिवेतन कोणत्या खात्यात जावे, ते आणखी कोणाच्या हाती पडते, याविषयी त्याचे काय म्हणणे आहे हे त्यातून कळत नाही, आणि ते विचारण्यासाठी तो दाखला नसतोही. फेसबुकचे द्वैमासिक लॉगिन खातेदाराच्या हयातीची नोंद घेते आणि तिलाच संमती म्हणते. याउलट ज्याने विचारपूर्वक वर्षभरासाठी परवानगी दिली असती, त्याचे काम मात्र एकसष्टाव्या दिवशी मुकाट्याने थांबते. सर्व्हरच्या नोंदीत १९० क्रमांकाची चूक उमटते, आणि घोषणा का गेली नाही हे सणाच्या दिवशी दुपारी लक्षात येते.

सुरक्षेचा युक्तिवाद सर्वांत वजनदार असल्याने त्याला इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे भाग आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकवरील टोकनांची मोठी चोरी उघडकीस आली. आपले पान दुसऱ्याला कसे दिसते ते दाखवणारी सोय आणि जुलै २०१७ मध्ये बदललेली व्हिडिओ चढवण्याची सोय यांच्या संयोगातून असे छिद्र पडले होते, की जी व्यक्ती पाहत असल्याचे भासवले जाई तिच्याच खात्याचे टोकन पानाच्या मजकुरात उमटे. प्रथम पाच कोटी खाती बाधित असल्याचे कंपनीने सांगितले, पुढे प्रत्यक्ष चोरीचा आकडा सुमारे तीन कोटींवर आला, आणि खबरदारी म्हणून जवळपास नऊ कोटी खात्यांची टोकने रद्द करून त्यांना पुन्हा लॉगिन करायला लावण्यात आले. या प्रकरणात उपयोगी पडले ते टोकन रद्द करण्याचे सामर्थ्य. चोरांनी हाती आलेली टोकने लगोलग वापरली होती, त्यांना साठ दिवस थांबण्याचे कारण नव्हते. टोकन एक तासाचे असते तर फरक पडला असता, दोन महिन्यांच्या मुदतीने तो पडत नाही. किंबहुना साठ दिवसांचे धारक-टोकन हा दोन्हीकडून तोट्याचा सौदा आहे, कारण चोराला तो काळ पुरून उरतो आणि प्रामाणिक वापराला तो कमी पडतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये गाजलेले केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरणही या संदर्भात अनेकदा पुढे केले जाते. तेथे तर टोकनच्या आयुष्याचा संबंध अगदी दूरचा होता. एका प्रश्नावलीच्या ॲपने सुमारे पावणेतीन लाख लोकांच्या संमतीवर त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा केली आणि अशा रीतीने जगभरात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिकाच्या हाती गेली असावी, असे फेसबुकने सांगितले; भारतात ते ॲप घेणारे ३३५ होते आणि माहिती गेली असण्याचा संभव असलेले सुमारे ५ लाख ६२ हजार. एकदा उतरवून घेतलेली माहिती टोकन संपल्याने परत येत नाही. त्या प्रकरणाचे उत्तर परवानगीचा आवाका आवळणे हे होते, आणि मित्रांची माहिती देणारी ग्राफ एपीआयची पहिली आवृत्ती एप्रिल २०१५ मध्येच बंद करून मंचाने ते काही अंशी दिलेही होते. आवाका, मुदत आणि परत घेण्याची सोय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतील चूक दुसरीला कात्री लावून दुरुस्त होत नाही.

लहान संस्थांची अडचण आणखी एका ठिकाणी आहे, आणि महाराष्ट्रातील वाचनालये, नाट्यसंस्था, व्याख्यानमाला चालवणारी मंडळे यांना ती चांगलीच ओळखीची वाटेल. पेजचे टोकन कालमर्यादेने संपत नसले, तरी ते पेज सांभाळणाऱ्या एका माणसाच्या खात्याला टांगलेले असते. त्या माणसाने पासवर्ड बदलला, तो नोकरी सोडून गेला किंवा कार्यकारिणी बदलून नवा चिटणीस आला, की संस्थेची परवानगी त्याच्याबरोबर जाते. करार अधिनियमाच्या भाषेत सांगायचे तर मुखत्यारी संस्थेने दिली असे सर्व जण समजून चालतात, परंतु मंचाच्या दफ्तरी ती चिटणीसाने वैयक्तिक हैसियतीत दिलेली असते. यावरचा उपाय म्हणजे वर आलेला सिस्टिम युजर. पण तो व्यवसायांसाठी रचलेल्या व्यवस्थेचा भाग असल्यामुळे व्यवसाय-खाते उघडणे, त्याखाली पेज आणि ॲप आणणे, भूमिका वाटून देणे या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. जाहिरात संस्थांना आणि मोठ्या कंपन्यांना हे सहज जमते. ज्या वाचनालयाचा संगणक संध्याकाळी दोन तास चालतो, त्याला जमत नाही. परिणामी न संपणारी परवानगी ज्यांना सर्वाधिक मनुष्यबळ आहे त्यांना मिळते, आणि दर दोन महिन्यांची दगदग ज्यांच्याकडे माणूस नाही त्यांच्या वाट्याला येते. ही विषमता हेतुपुरस्सर निर्माण झाली असे म्हणण्याचे कारण नाही. पण ती आहे.

दीर्घ मुदतीची संमती आणि खातेदाराचे नियंत्रण एकत्र नांदू शकतात, याची उदाहरणे भारतातच आहेत, आणि तीही पैशाच्या व्यवहारात, जेथे चुकीला क्षमा नसते. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट ॲग्रिगेटर नावाच्या मध्यस्थ संस्थांसाठी नियम केले. ग्राहकाची आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे न्यायची असेल, तर कोणती माहिती, कोणत्या हेतूने, कोणाला, आणि ही संमती कोणत्या तारखेला संपणार, हे सारे संमतीच्या त्या इलेक्ट्रॉनिक दस्तात लिहिलेले असावे लागते. तेथे मुदत हा दस्तातला रकाना आहे, सर्व्हरांमधला गुपचूप व्यवहार नाही. दुसरे उदाहरण वर्गणी किंवा विम्याचा हप्ता दर महिन्याला आपोआप वळता करण्याच्या ई-मॅन्डेटचे. ते वर्षानुवर्षे चालू शकते. मात्र सर्वसाधारणपणे पैसे वळते होण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना जाते, आणि तो हप्ता थांबवू शकतो. ग्राहकाला पुन्हा पुन्हा सही करायला न लावता त्याला जागे ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि द्वैमासिक लॉगिनपेक्षा ती कितीतरी सरस आहे, कारण गप्प राहणे आणि नाही म्हणणे हे दोन्ही तिने माणसाच्या हाती ठेवले आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने तर हा केवळ सौजन्याचा विषय ठेवलेला नाही. त्याच्या कलम ६ नुसार संमती विशिष्ट हेतूपुरती, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी लागते; ती मागे घेणे, ती देण्याइतकेच सोपे असावे लागते; आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. एखाद्या संस्थेच्या पेजवरील सार्वजनिक मजकूर वैयक्तिक माहितीत किती मोडतो, यावर कायदेपंडितांचा वाद होऊ शकेल. परंतु ज्या टोकनातून खातेदाराची स्वतःची माहिती वाचली जाते, त्याची मुदत दोन तासांवरून दोन महिन्यांवर नेताना त्याला काहीच न सांगणे, हे ‘माहितीपूर्ण’ या शब्दात कसे बसते, याचे उत्तर मंचाला द्यावे लागेल.

तेव्हा व्यवस्थापनाने पहिली गोष्ट करावी ती ही, की गैरहजेरीतील प्रवेश ही पुन्हा एक स्वतंत्र, नाव असलेली परवानगी करावी, आणि तिची मुदत परवानगीच्या पडद्यावर खातेदाराला निवडू द्यावी. बाकीचे बरेचसे त्यातून आपोआप येते. मुदत खातेदाराने निवडली, की फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचे नियम निरनिराळे ठेवण्याला आधार राहत नाही. आणि नूतनीकरण लॉगिनने करायचे की आगाऊ सूचनेने, हेही त्या निवडीतच ठरते. पितळी टोकनाचा धोका कमी करण्याची साधने तर तयारच आहेत. प्रत्येक विनंतीबरोबर ॲप सीक्रेट वापरून काढलेला पुरावा जोडण्याची सोय मंचावर आहे, फक्त ती सक्तीची करणे विकसकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. सर्व्हरवरून वापरल्या जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या टोकनांना ती बंधनकारक असावी. सप्टेंबर २०२३ च्या आरएफसी ९४४९ मध्ये टोकन एका विशिष्ट किल्लीशी बांधून टाकण्याची पद्धत आहे, जिच्यात चोराच्या हाती टोकन लागले तरी किल्लीवाचून ते पितळेचा तुकडाच ठरते, आणि ओऑथच्या सुरक्षेविषयीच्या जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये अशाच बांधलेल्या टोकनांची शिफारस आहे. विकसकांनाही यातून सूट नाही. टोकन सांकेतिक रूपात साठवणे, ते सर्व्हरच्या नोंदवहीत उघडे न सांडणे, आणि खातेदाराने ॲप काढून टाकल्याचा संदेश मंचाकडून आला की आपल्याकडील टोकन त्याच दिवशी पुसणे, ही त्यांची किमान जबाबदारी मानली पाहिजे, आणि ती न पाळणाऱ्याला दीर्घ मुदतीची परवानगी मागण्याचा हक्क नसावा.

संस्थांसाठी व्यवसाय-खात्याच्या पायऱ्या न चढता, पेजच्या स्वतःच्या नावाने, दोन जबाबदार माणसांच्या संमतीने मिळणारे अधिकारपत्र असावे, म्हणजे चिटणीस बदलला तरी काम थांबणार नाही. त्याचा तपशील ठरवताना इंग्रजीत चालणाऱ्या संस्थांखेरीज इतरांनाही विचारले जावे, एवढी अपेक्षा आहे.

परवानगीच्या पडद्यावर मराठीत काय लिहावे, हे ठरवणे अवघड नाही, आणि मसुदा म्हणून या ओळी व्यवस्थापनापुढे ठेवण्यात येत आहेत: ‘तुम्ही हजर नसतानाही हे ॲप तुमच्या वतीने तुमच्या पेजवर मजकूर टाकू शकेल आणि त्यावरचे अभिप्राय वाचू शकेल. ही मुभा किती काळ द्यायची ते तुम्ही ठरवा: आजच्यापुरती, तीन महिने, एक वर्ष, किंवा तुम्ही परत घेईपर्यंत. मुदत संपण्याच्या सात दिवस आधी तुम्हाला कळवले जाईल. मुभा परत घेण्याचे बटण याच पडद्यावर, खाली आहे.’

कळावे.